रॉय एसांडो: लीगमध्ये गोल शून्य, मग हा फॉरवर्ड नुसता नशीबवान होता का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही २००१ च्या एफए कपची (इंग्लंडमधली लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) जुनी क्लिप बघितली, त्यात वायकॉम्ब वाँडरर्सचा रॉय एसांडो इंज्युरी टाइममध्ये हेडर मारून लेस्टर सिटीला घरी बसवतो. मग तुम्ही त्याचं करिअर उघडलं तर वायकॉम्बसाठी लीगमध्ये डझनभर मॅच आणि गोल एकही नाही, आणि त्यानंतर सगळी नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या खालच्या, क्लबांची नावं. म्हणून तुम्ही विचारलंत की हा एका गोलवर नाव झालेला साधाच प्लेअर ना, आणि तुम्ही लोक प्लेअर निवडता तर असा स्ट्रायकर कागदावर बघून घेतला असता का.

मी इंग्लंडमध्ये सतरा वर्षं नॉन-लीगला कोचिंग करतोय, सगळी पार्ट-टाइम, दिवसा नोकरी आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ट्रेनिंग. त्यातली बरीच वर्षं फॉरवर्ड लोकांसोबत गेली आणि कुणाला घ्यायचं कुणाला सोडायचं यातही माझा हात असतो. त्यामुळे मला तुमचा प्रश्न एकट्या एसांडोचा वाटत नाही, खालच्या लीगमधल्या फॉरवर्डचं ते सामने-गोलचं टेबल वाचायचं कसं हा खरा प्रश्न आहे, आणि ते टेबल सरळ वाचलं तर दहातल्या पाच-सहा वेळा तरी तुम्ही चुकणार.

आधी हे मान्य करतो की बरंचसं परिस्थितीवर असतं. प्लेअर फुल-टाइम होता की कामावरून येऊन खेळत होता, पहिल्या मिनिटापासून खेळला की शेवटची पंधरा मिनिटं, बाजूला कोण होतं, क्रॉस (कडेवरून बॉक्समध्ये येणारा बॉल) टाकणारा कोणी होता का, काँट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं की दोन आठवड्यांचं. यातलं काहीच त्या टेबलात नसतं.

आता एसांडोचं बघू. जन्म १९७६, बेलफास्ट. स्कॉटलंडमध्ये मदरवेलला होता पण तिथे जम बसला नाही, मग फिरत फिरत फिनलंडला व्हीपीएस या वासा शहरातल्या क्लबकडे गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, फिनलंडचा सीझन वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत आटपतो कारण नंतर बर्फ असतो, आणि इंग्लंडचा सीझन ऑगस्ट ते मे. म्हणजे तिकडून सुटलेला फॉरवर्ड इकडे येतो तेव्हा सगळ्या क्लबांची टीम ठरून गेलेली असते, पैसे वाटून झालेले असतात, आणि तुम्ही मात्र मोकळे, एकटे पळायला जाताय, ट्रायलसाठी फोन करताय. तो मधे थोडे दिवस रशडेन अँड डायमंड्सकडेही होता. २००१ च्या सुरुवातीला तो असाच, कुठेच पक्का नसलेला प्लेअर होता.

त्याच वेळी वायकॉम्बची अवस्था उलटी. टीम तिसऱ्या पायरीवरची, तेव्हाच्या नावाप्रमाणे सेकंड डिव्हिजन, आणि एफए कपमध्ये चौथ्या राउंडला वूल्व्ह्जला हरवून, पाचव्या राउंडला विम्बल्डनला रिप्लेमध्ये पेनल्टीवर काढून क्वार्टर फायनलला पोचलेली. समोर प्रीमियर लीगची लेस्टर, त्यांच्याच फिल्बर्ट स्ट्रीट ग्राउंडवर. आणि वायकॉम्बचे फॉरवर्ड एकामागोमाग एक जखमी. मॅनेजर लॉरी सांचेझ, हा तोच सांचेझ ज्याने १९८८ च्या फायनलला विम्बल्डनकडून लिव्हरपूलविरुद्ध हेडरनेच एकमेव गोल मारला होता. क्लबने वेबसाइटवर सरळ लिहिलं की आम्हाला फॉरवर्ड हवाय, ती बातमी टेलिटेक्स्टवर (टीव्हीच्या पडद्यावर बातम्या वाचायची तेव्हाची सोय) आली आणि एसांडोच्या एजंटने संपर्क केला. काँट्रॅक्ट मिळालं दोन आठवड्यांचं.

लोक या गोष्टीवर हसतात, जाहिरात देऊन स्ट्रायकर आणला म्हणून. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही कारण अट बघा ना काय होती, फिट पाहिजे, मोकळा पाहिजे आणि कप-टाइड नको. कप-टाइड म्हणजे त्याच सीझनला दुसऱ्या क्लबकडून त्याच कपमध्ये खेळलेला प्लेअर, तो चालत नाही. आता मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये असा कोण उरतो सांगा? जो चांगला आहे तो कुठेतरी खेळतोय आणि जो कुठेतरी खेळतोय तो कप-टाइड. लोनवर आणायचा तरी तीच अडचण. उरतात ते जखमेतून उठलेले, मॅनेजरशी भांडून बाहेर बसलेले, आणि परदेशातून चुकीच्या महिन्यात परत आलेले. एसांडो तिसऱ्या गटातला, म्हणजे त्याच्या पायात खोट नव्हती, कॅलेंडर त्याच्या विरोधात होतं. त्या तीन गटांतून मला निवडायला सांगितलं तर मी दर वेळी तिसराच निवडेन.

मग १० मार्च २००१. पॉल मॅकार्थीने वायकॉम्बला पुढे नेलं, मझी इझेटने बरोबरी केली. एसांडो सब, म्हणजे बदली प्लेअर, म्हणून आत आला. मधेच पेनल्टी दिली नाही म्हणून सांचेझ इतका भडकला की त्याला टचलाइनवरून बाहेर काढलं आणि शेवटचा खेळ त्याने टनेलमध्ये एका छोट्या टीव्हीवर बघितला. इंज्युरी टाइमला बॉल बॉक्समध्ये आला, जेमी बेट्सने हेडने तो परत मधे टाकला आणि एसांडोने उडी घेऊन तो जाळ्यात घातला. २-१.

आता माझ्या कामाच्या दृष्टीने या गोलमधला महत्त्वाचा भाग कोणता ते सांगतो. बेट्स डिफेंडर, म्हणजे दमलेल्या मॅचच्या शेवटी उंच माणूस पुढे पाठवलेला. असा बॉल आला की सगळे डिफेंडर उंच माणसाकडे आणि बॉलकडे बघतात, आणि कच्चा फॉरवर्डही बॉलकडेच धावतो, म्हणजे गर्दीत एक माणूस वाढतो फक्त. पक्का फॉरवर्ड बॉलकडे जात नाही, बॉल दुसऱ्यांदा जिथे पडणार तिथे जातो. आम्ही याला सेकंड बॉल म्हणतो आणि शिकवायला ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण दहातल्या आठ वेळा तुम्ही तिथे जाता आणि बॉल येतच नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा नुसता उभा आहे. दोन आठवड्यांच्या काँट्रॅक्टवरच्या, ओळखीचं कोणी नसलेल्या टीममध्ये आलेल्या माणसाने त्या क्षणी योग्य जागी असणं याला मी नशीब म्हणणार नाही. बॉल आला हे नशीब. तो तिथे होता ही सवय.

पुढचं सगळ्यांना माहितीय, ८ एप्रिलला व्हिला पार्कवर सेमीफायनल, लिव्हरपूल, ७८ मिनिटांपर्यंत ०-० आणि मग हेस्की, फाउलर, शेवटी कीथ रायनचा एक गोल, २-१ ने हरले. लिव्हरपूलने त्या वर्षी तीन कप उचलले, त्यांच्याशी वायकॉम्ब एवढा वेळ टिकलं.

आणि आता तो शून्य. लीगमध्ये डझनभर सामने आणि गोल नाही. हे वाईट आहे का? फॉरवर्डसाठी चांगलं तर नाहीच, मी उगाच रंगवून सांगणार नाही. पण विचार करा, मार्च ते मे हा इंग्लंडच्या खालच्या लीगमधला सगळ्यात खराब काळ असतो. हिवाळाभर पावसाने ग्राउंड उखडलेलं, पुढे ढकललेल्या मॅच साचलेल्या, त्यात कप रनमुळे अजून मॅच मागे पडलेल्या, म्हणजे शनिवार-मंगळवार-शनिवार असं चक्र, ट्रेनिंग जवळपास बंदच कारण पायांना विश्रांती पाहिजे. नवीन फॉरवर्डला बाजूच्या लोकांशी ओळख ट्रेनिंगमध्येच होते, राइट विंगर क्रॉस कधी टाकतो, डोकं वर करून टाकतो की न बघता टाकतो, मिडफिल्डर बॉल पायात देतो की मागे मोकळ्या जागेत. ती ओळख व्हायला माझ्या अनुभवात सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तेवढ्यात तर सीझन संपतो. डझनभर मॅचचा आकडा इतका छोटा आहे की त्यावरून मी कुठलाच निष्कर्ष काढत नाही, शून्य असो की सात.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक स्ट्रायकर घेतला, आदल्या सीझनला एका पायरी खाली सत्तावीस गोल. मी तीन मॅच बघितल्या, तिन्हीत त्याने गोल मारले, मी खूश. आमच्याकडे आला आणि नोव्हेंबरपर्यंत दोन गोल. मुलगा मेहनती, तक्रार एक नाही, पण बॉलच मिळत नव्हता. मग मी शांतपणे त्याच्या जुन्या क्लबचे व्हिडिओ परत लावले आणि यावेळी त्याच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघितलं, तर त्यांचा लेफ्ट विंगर प्रत्येक हाफमध्ये आठ-दहा क्रॉस टाकत होता आणि आमच्याकडे विंगरच नव्हते, आम्ही मधून खेळायचो. तो मुलगा जानेवारीत गेला, दुसरीकडे परत गोल करायला लागला. त्याचा अर्धा सीझन मी वाया घालवला, आणि त्या वयात अर्धा सीझन खूप असतो.

त्यानंतर मी एक वही ठेवतो, अजूनही हाताने. गोलचा कॉलम शेवटी असतो. आधी लिहितो की बॉक्समध्ये किती वेळा धावला आणि बॉल आलाच नाही, बॉल न मिळाल्यावर पुढच्या वेळी परत धावला का, पाठीवर डिफेंडर असताना बॉल थांबवता आला का, आणि ऐंशीव्या मिनिटाला काय करतो. परत धावला का हा माझा सगळ्यात आवडता कॉलम आहे. एकतीस मॅचमध्ये चार गोल असलेला एक पोरगा मी फक्त त्या कॉलमवर घेतला होता. मंगळवारी साइटवरून सरळ यायचा, बुटांना सिमेंट, गाडीतच डब्यातला थंड पास्ता खाऊन कपडे बदलायचा, आणि ड्रिलमध्ये चौदा वेळा बॉल आला नाही तरी पंधराव्यांदा त्याच वेगाने निअर पोस्टला. पहिल्या पूर्ण सीझनला सतरा गोल.

मोठी उदाहरणंही हेच सांगतात. रिकी लॅम्बर्टला लिव्हरपूलने लहानपणीच सोडलं, पुढे ब्लॅकपूलहून सुटल्यावर बीटरूट बाटल्यांत भरायच्या फॅक्टरीत काम केलं. स्टॉकपोर्टला तो बराच मागे, मिडफिल्डमध्येही खेळायचा आणि तिथले त्याचे आकडे बघून कोणी वळूनही बघितलं नसतं. रॉचडेलला स्ट्रायकर म्हणून खेळवला, २००५-०६ ला चौथ्या पायरीवर २२ लीग गोल. आणि तिथे काही काळ त्याच्या जोडीला कोण होता तर ग्रँट होल्ट, जो आधी टायरच्या फॅक्टरीत काम करत नॉन-लीग खेळलेला आणि नंतर नॉर्विचकडून प्रीमियर लीगमध्ये एका सीझनला १५ गोल करणारा. दोघं एकाच वेळी चौथ्या डिव्हिजनच्या एका छोट्या क्लबात होते आणि टेबल वाचणाऱ्यांना ते दिसले नाहीत. लॅम्बर्ट २०१३ ला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच टचला, कॉर्नरवर हेडरने, गोल. वय ३१.

दुसऱ्या बाजूने जेमी क्युरटन बघा. २००६-०७ ला कोलचेस्टर पहिल्यांदाच दुसऱ्या पायरीवर खेळत होतं, क्युरटनने २३ गोल मारले आणि लीगचा टॉप स्कोअरर झाला. पण बाजूला ख्रिस इवेलुमो होता, उंच, डिफेंडर अंगावर घेणारा, त्याने स्वतःही भरपूर गोल केले आणि क्युरटनला जागाही करून दिली. नॉर्विचला गेल्यावर क्युरटनला तो आकडा परत जमला नाही. फॉरवर्ड तोच, पाय तेच. मी क्युरटनला कमी लेखत नाही, हा माणूस चाळिशी ओलांडूनही नॉन-लीगला गोल करत राहिला. माझा मुद्दा एवढाच की गोल हे एकट्याचं काम नाही पण टेबलात ते एकट्याच्या नावावर लागतात, आणि शून्यही एकट्याच्याच नावावर लागतो.

म्हणजे आत्तापर्यंत दोन गोष्टी झाल्या, एसांडो मोकळा होता तो कॅलेंडरमुळे, आणि त्याचा शून्य फार छोट्या काळातला आणि वाईट काळातला. तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याबद्दल की नंतर तो "नॉन-लीगमध्ये गायब झाला". हे वाक्य मला थोडं लागलं, तुमचा हेतू तसा नसणार हे माहितीय.

तो गायब झाला नाही. वायकॉम्बने सोडल्यावर बार्नेटला गेला, बार्नेट तेव्हा नुकतंच फुटबॉल लीगमधून घसरून कॉन्फरन्समध्ये, म्हणजे नॉन-लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, आलेलं. मग पुढे केंब्रिज सिटी, बिशप्स स्टॉर्टफर्ड, अशी नावं. आता ही नावं नकाशावर टाका. बार्नेट लंडनच्या उत्तर टोकाला, बिशप्स स्टॉर्टफर्ड एम-११ मोटरवेला लागून, केंब्रिज त्याच रस्त्याला वर. टेबलात ही क्लब बदलत फिरणारी भरकटलेली करिअर दिसते, मी या भागात गाडी चालवतो म्हणून मला ती एक माणूस एका ठिकाणी घर करून तासाभराच्या अंतरात खेळतोय अशी दिसते. सेमी-प्रो फॉरवर्डचं आयुष्य असंच असतं. बहुतेकांकडे लांबचं काँट्रॅक्ट नसतं, दुसऱ्या क्लबने सात दिवसांची नोटीस दिली की ते प्लेअरशी बोलू शकतात, मॅनेजर हलला की त्याच्यामागे तीन-चार प्लेअर हलतात, आणि निर्णय घेताना पहिला प्रश्न गोलचा नसतो, मंगळवारी सव्वासातला ग्राउंडवर पोचता येईल का हा असतो. पाच वर्षांत चार क्लब म्हणजे चार वेळा काढला असं अजिबात नाही, उलट चार वेगवेगळ्या मॅनेजरनी फोन केला असा अर्थ बहुतेक वेळा निघतो. फॉरवर्ड नकोसा झाला की फोन यायचे बंद होतात आणि टेबल तिथेच संपतं. एसांडोचं टेबल वायकॉम्बनंतर बरीच वर्षं चालू आहे.

आणि या पायऱ्यांवर टिकून राहणं सोपं नाही हे कृपा करून लक्षात घ्या. वरच्या चार डिव्हिजनमध्ये ९२ क्लब, त्याच्या खाली शेकडो, आणि दर उन्हाळ्यात अकॅडमीतून सुटलेली अठरा-एकोणीस वर्षांची ताजी पोरं खाली येतात, सगळ्यांना फॉरवर्डच व्हायचं असतं. अॅक्रिंग्टनचा बिली की २०१७-१८ ला २५ लीग गोल करून टीमला लीग टू (चौथी पायरी) जिंकून देणाऱ्यांतला मुख्य माणूस, आणि जानेवारी २०२० ला एकोणतिसाव्या वर्षी त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं की डिप्रेशन आणि एंग्झायटीमुळे प्रोफेशनल फुटबॉल सोडतोय, बांधकामाच्या कामाला लागतोय. मला त्याचं फार कौतुक वाटलं. त्याच्या टेबलात २५ हा आकडा चमकतोय आणि त्या माणसाची रात्र कशी जात होती ते कुठल्याच कॉलमात नाही. तेव्हापासून मी वहीत अजून एक कॉलम वाढवलाय, त्यात आकडा नसतो, फक्त ट्रेनिंगनंतर प्लेअर कुणाशी बोलून गेला की कुणाशीच न बोलता गाडीत बसला एवढं लिहितो.

आता तुमचा थेट प्रश्न, कागदावर बघून घेतला असता का. मार्च २००१ ला मी सांचेझच्या जागी असतो आणि समोर फक्त तो कागद असता तर खरं सांगतो, कागदावरून मी हो किंवा नाही काहीच म्हणालो नसतो. मी एजंटला तीन गोष्टी विचारल्या असत्या: शेवटची पूर्ण नव्वद मिनिटं कधी खेळला, आता रोज काय करतोय, आणि उद्या सकाळी ट्रेनिंगला येऊ शकतो का. तिसऱ्याचं उत्तर लगेच हो आलं असतं तर दोन आठवडे नक्की दिले असते, कारण दोन आठवड्यांत क्लबचं नुकसान फार थोडं आणि फॉरवर्ड एका ट्रेनिंगमध्ये किती वेळा परत धावतो हे पहिल्या चाळीस मिनिटांतच दिसतं.

तुम्ही ती क्लिप परत लावाल तेव्हा एक करा, पहिल्यांदा बॉल अजिबात बघू नका. बॉल बेट्सकडे जात असताना फक्त एसांडोवर नजर ठेवा, तो कुठून कुठे सरकतो आणि लेस्टरचे डिफेंडर त्या वेळी कुणाकडे बघतायत ते बघा. मग इथे लिहा तुम्हाला काय दिसलं, मी उत्तर देईन. मंगळवार-गुरुवारी मात्र रात्री अकरानंतरच.